घोरणं थांबलं त्या दुपारी

डॉक्टरांनी घडीचा लांबलचक कागद टेबलावर पसरला आणि पेनाचं टोक एका सपाट रेघेवर टेकवलं. "ही जागा बघा. इथे यांचा श्वास बंद आहे."

"मंद आहे?" मी विचारलं. मला खरंच तसं ऐकू आलं होतं.

"मंद नाही ताई, बंद. आणि ही एकच जागा नाही. रात्रभर असंच चाललंय."

ज्यांच्या श्वासाची ही चर्चा चालली होती ते माझे यजमान शेजारच्या खुर्चीत हनुवटी छातीला टेकवून पेंगत होते. मी कोपरानं ढोसलं तसे दचकून सावरून बसले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. मग सोपं करून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट बंद होते. छाती ओढ घेत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, मोठ्ठा आवाज होऊन श्वास सुरू होतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. सकाळी माणसाला यातलं काहीही आठवत नाही. फक्त तो झोपेतून थकून उठतो.

यांनी एवढ्या सगळ्यातून आजाराच्या नावातला शेवटचा शब्द तेवढा पकडला. "हर्निया? मग ऑपरेशन करून टाका की डॉक्टर. आमच्या नानांचं झालंय, लगेच मळ्यात फिरायला लागले ते."

डॉक्टर हसले, हेही हसले. मला हसू येईना.

कारण ती सपाट रेघ मला नवी नव्हती. लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आले तेव्हापासून मी ती ऐकत होते. यांचं घोरणं म्हणजे काय सांगू! भिंतीपलीकडे झोपलेल्या पाहुण्यांनी सकाळी चहा पिताना सासूबाईंना विचारावं, रात्री मळ्यात ट्रॅक्टर चालू होता का? घोरता घोरता मध्येच सगळं गप्प व्हायचं. घरात त्यालाही विहिरीवरच्या पंपावरून नाव पडलं होतं, 'मोटार ट्रिप झाली'. मग घशातून गचकल्यासारखा आवाज यायचा आणि मोटार पुन्हा सुरू. सगळे हसायचे. सासूबाई म्हणायच्या, "घोरतो म्हंजी सुखानं झोपलाय. लय दमतंय माझं लेकरू, झोपू द्या त्याला."

मी मात्र त्या गप्प झालेल्या वेळात स्वतःचा श्वास धरून पडून राहायची. आता सुरू होईल, आता होईल. झाला की माझाही सुटायचा.

दिवसा त्यांची वेगळीच तऱ्हा. सकाळी डोकं धरून उठायचे, चिडचिड करायचे, जेवताना घास हातात घेऊन पेंगायचे. एकदा बाजार समितीत आमच्या फ्लॉवरचा लिलाव चालला होता. आडत्यानं बोली पुकारून विचारलं, "देऊ का भाऊ?" हे क्रेटवर बसून डुलकी घेत होते, मान खाली पडली. आडत्याला वाटलं होकार दिला. चांगला पांढराशुभ्र माल मातीमोल भावानं गेला. पुढे कितीतरी दिवस यार्डातली माणसं यांना बघून मुद्दाम मान डोलवायची.

बीपीच्या गोळ्या वाढवूनही बीपी उतरेना, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "घोरता का?" हे म्हणाले, "नाही." मी म्हणाले, "हो." त्यांनी माझं खरं धरलं आणि नाशकात छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे यांना झोपवून स्लीप स्टडी केली, म्हणजे झोपेची तपासणी. डोक्याला वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. आणि त्यातून निघाला तो कागद.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "उपचार सुरू होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत गाडी चालवायची नाही. सध्या तुमच्यासाठी सगळ्यात मोठा धोका तोच आहे."

आमची पिकअप म्हणजे यांचा जीव. भाजी, फुलं, खत, पाहुणे, सगळं त्याच गाडीतून. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे मला म्हणाले, "घोरतो म्हणून गाडी सोडली असं सांगू का गावात? लोक तोंडावर हसतील." घरी सासूबाईंनी विचारलं, "काय निघालं?" हे सरळ म्हणाले, "हर्निया आहे थोडा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले.

आणि हर्निया घरात सगळ्यांना एकदम पसंत पडला. तो भाऊबंदांत कुणाला ना कुणाला झालेला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जायचा. सासूबाईंनी तर पहाराच लावला. यांनी क्रेटला हात लावला की ओरडायच्या, "जड उचलू नको!" पाण्याची बादली उचलू देईनात, गोणी लांबच. आणि तेच यजमान स्टेअरिंगवर बसून रोज पहाटे यार्डात जायचे, त्याला कुणाची हरकत नव्हती. गाडी चालवायला काय, बसूनच तर असतात!

गाडी परत येईपर्यंत मी रस्त्याकडे बघत राहायची. रात्री श्वासाची भीती, दिवसा गाडीची. हर्नियाची चौकशी करणाऱ्यांना मी चहा द्यायची.

मग माझ्या बहिणीच्या मुलीचा चांदवडला साखरपुडा ठरला. आम्ही दुपारी निघालो. हे गाडी चालवत होते, मी मध्ये, सासूबाई खिडकीशी. माझ्या मांडीवर पेढ्यांचा पुडा आणि साडीची पिशवी. दिराला गाडी चालवायला घ्या म्हणून मी यांना सांगून पाहिलं होतं. "दिवसाढवळ्या कोण झोपतंय?" असं म्हणून यांनी किल्ली उचलली होती.

पिंपळगाव मागे पडलं. मी सारखं काहीतरी बोलत होते, हे जागे राहावेत म्हणून. हे "हं, हं" करत होते. मग हं येईनासं झालं. मी मान वळवली तर डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत बघणं नव्हतं. गाडी अगदी सावकाश, कुणी बोलावल्यासारखी डावीकडे निघाली होती. मी किंचाळले आणि स्टेअरिंगवर हात मारला. चाकं डांबरावरून उतरली, दणके बसले, पेढे पायाशी सांडले. यांनी जागे होऊन ब्रेक दाबला तेव्हा गाडी बाभळीच्या फांद्यांत तोंड खुपसून उभी राहिली. पलीकडे पाण्याची खोल चारी होती. मागून एक ट्रक हॉर्न दाबत शेजारून निघून गेला, त्याच्या वाऱ्यानं आमची गाडी हलली.

कांद्याच्या वावरातून एक जण पळत आला. "काय वो भाऊ, डुलकी लागली का काय?"

"नाय, नाय," हे म्हणाले. "टायरनं झोल खाल्ला."

सासूबाईंनी लेकाच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हर्नियाची कळ आली आसंल रं."

तिथे माझा बांध फुटला.

"कळ नाही आली आई! हे झोपले होते. यांना हर्निया नाही, कधीच नव्हता. झोपेत यांचा श्वास बंद पडतो. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलंय." तो कांदेवाला, हे, सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला कशाचीच लाज वाटेना.

सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "बंद पडतो म्हंजी? आपण मोटार म्हणून हासतो, ते?"

"तेच."

त्या खाली वाकून एकेक पेढा उचलून पुड्यात भरू लागल्या, माती लागलेलेसुद्धा. मी किल्ली काढून कमरेला खोचली. पुढे चांदवडपर्यंत आम्ही एसटीनं गेलो आणि साखरपुड्यात जो जो हर्नियाची चौकशी करायला आला त्याला मी खरा आजार सांगितला. यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. धरू देत, म्हटलं. रागावलेला नवरा जिवंत असतो.

उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं ते सीपॅप मशीन. नाकावर मास्क बसवायचा, मशीन नळीतून दाबानं हवा सोडत राहतं, त्यामुळे घशाची वाट मिटत नाही. मशीन चांगलं होतं, वाईट होतं आमचं नशीब. ती भारनियमनाची वर्षं होती. आमच्याकडे वीज कधी जाईल ते वेळापत्रक भिंतीला लावलेलं असायचं आणि वीज त्याहून वेगळ्याच वेळी जायची. मास्क लावून हे गाढ झोपले की वीज जायची, मशीन बंद, आणि हे अंधारात मास्क ओरबाडत उठायचे. इन्व्हर्टर आणला, पण तो चार्ज व्हायलाच वीज पुरेना. काही दिवसांनी यांनी मास्कला हात लावायचं सोडलं. "त्यात गुदमरून मरण्यापेक्षा असाच मेलेला बरा," म्हणाले. ते सहज बोलून गेले आणि मी मोरीत जाऊन रडले.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "यांचा आजार मध्यम आहे, फार तीव्र नाही. दुसरा एक उपाय करून बघू. दातांच्या डॉक्टरांकडे जा."

मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. "डॉक्टर, दात दुखत नाहीत यांचे."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली.

दाताच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी यांना खुर्चीत आडवं केलं आणि म्हणाल्या, "काका, जरा घोरून दाखवा." हे लाजले. मग तोंडानं खर्र केलं. "आता खालचा जबडा पुढे काढा, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे. आता घोरा." यांनी जोर लावला, आवाज निघेना. पुन्हा लावला, डोळे मोठे झाले, तरी नाही. मी उठून उभीच राहिले. एवढी वर्षं मी हलवून, कुशीवर वळवून, उताणे झोपू नयेत म्हणून बनियनच्या पाठीला चेंडू शिवून बघितलं होतं. आणि काम काय, तर जबडा बोटभरही नाही एवढासा पुढे सरकवायचा!

त्यांनी समजावलं. झोपताना तोंडात लावायचं एक उपकरण असतं, त्याला मँडिब्युलर ॲडव्हान्समेंट डिव्हाइस म्हणतात. मँडिबल म्हणजे खालचा जबडा, त्याला पुढे धरून ठेवणारी वस्तू. वरच्या दातांवर एक साचा, खालच्या दातांवर एक, दोन्ही एकमेकांना जोडलेले. जबडा पुढे राहिला की जीभही पुढे राहते आणि मागची वाट उघडी राहते. ज्याच्या त्याच्या दातांच्या मापानंच ते करावं लागतं. आधी दात आणि हिरड्या धड हव्यात. यांच्या दोन दाढा किडलेल्या होत्या, त्या भरल्या. तंबाखू बंद करायला लावली. मग गुलाबी लगदा तोंडात भरून माप घेतलं. तेव्हा यांना उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं, माझा हात त्यांनी चुरगाळून टाकला. साचा मुंबईच्या लॅबमधून करून यायचा होता.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "माझे दात आजून शाबूत हायेत, आन् पोराला कवळी?" हे त्या शब्दानं पुन्हा खट्टू झाले. मी म्हटलं, कवळी तर कवळी, तोंडात कोण बघायला येतंय?

उपकरण आलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एकदम रात्रभर लावू नका. आधी जागेपणी थोडा वेळ लावा, मग दुपारच्या झोपेला लावून बघा.

ती दुपार माझ्या अंगावर अजून काटा आणते. हे जेवून पडवीत खाटेवर आडवे झाले. मी समोर मेथी निवडत बसले. एरवी पाठ टेकताच सुरू व्हायचे. त्या दिवशी काहीच नाही. पंखा फिरतोय, शेजारच्या गोठ्यात म्हैस कान हलवतेय, एवढंच. मी वाट बघतेय, आता आवाज येईल. येईना. माझ्या आयुष्यात यांच्या शांततेचा एकच अर्थ होता, आणि ही शांतता संपतच नव्हती.

पंख्यानं सदरा फडफडत होता, त्यामुळे छाती हलतेय की कापड हलतंय ते कळेना. "अहो," मी हाक मारली. उत्तर नाही. मेथी टाकून मी धावले आणि खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं. हे धडपडत उठले, तोंडातून लाळ गळत होती. "काय झायं? कोण आयं?" बोबडं विचारायला लागले. सासूबाई आतून पळत आल्या. मी हुंदके देत म्हणाले, "काही आवाजच येत नव्हता!"

"अगं, म्हणूनच तर ते बशवलंय!" हे वैतागले.

त्या दुपारी मी त्यांना आणखी दोनदा उठवलं. पुढच्या काही दिवसांत यांच्यापेक्षा माझीच तब्येत उतरली. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची शंका योग्य आहे. घोरणं थांबलं म्हणजे श्वास थांबणं बंद झालंच, असं धरून चालायचं नाही. पुन्हा झोपेची तपासणी करूनच खरं ते कळेल. तोपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

उपकरणाला बारीक स्क्रू होता. तो थोडाथोडा फिरवून जबडा हळूहळू पुढे न्यायचा. सकाळी यांचे जबडे ठणकायचे, वरचे-खालचे दात जुळल्यासारखे वाटायचे नाहीत, न्याहारीची भाकरी चावता यायची नाही. त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिला होता. उशी लाळेनं भिजायची. पहिले काही दिवस ती वस्तू सकाळी पांघरुणात सापडायची, झोपेत काढून टाकलेली. पण हळूहळू डोकेदुखी गेली. एक दिवस हे जेवताना सासूबाईंना काहीतरी गंमत सांगत होते आणि माझ्या लक्षात आलं, यांनी ताटावर डुलकी घेतलेली नाही.

दुसऱ्या तपासणीच्या निकालाला गेलो तेव्हा मला बसवेना. बाहेरच्या बाकावरून उठून मी जिन्यापर्यंत जायची, परत यायची. बरं वाटणं वेगळं आणि कागद वेगळा, हे आता मला माहीत होतं. पुन्हा त्या सपाट रेघा निघाल्या तर आमच्याकडे तिसरा उपाय काय होता? वीज तर अजून तशीच जात होती.

डॉक्टरांनी कागद पसरला. मी त्यांच्या आधी रेघा बघायला लागले. डोंगर, डोंगर, डोंगर. सपाट जागा शोधावी लागत होती.

"पूर्ण गेलेलं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण धोक्याच्या खाली आलंय. रोज लावायचं, वजन कमी करायचं, दरवर्षी दाखवायचं. गाडी चालवा, पण झोप आली तर थांबायचं."

यांनी मान डोलावली. या खेपेला पूर्ण जागेपणी.

तुमच्या घरात कुणी असं घोरत असेल, मध्येच गप्प होत असेल, दिवसा बोलता बोलता पेंगत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. जो घोरतो त्याला विचारू नका, त्याला काही माहीत नसतं. जो शेजारी जागा असतो त्याचं ऐका. बाजारात मिळणारी तयार साधनं तपासणीशिवाय तोंडात घालू नका. आणि हे उपकरण प्रत्येकाला चालतंच असंही नाही, तीव्र आजाराला मशीनच लागतं. ते डॉक्टरांना ठरवू द्या. आम्हाला दोन भले डॉक्टर भेटले, त्यांनी आमचं रडगाणं ऐकून घेतलं आणि वाट बदलून दिली. त्यांची आठवण काढल्याशिवाय आमच्या घरी पहिली गुलाबाची तोड होत नाही.

माझी झोप मात्र लवकर परत आली नाही. यांचा श्वास नीट चालायला लागला तरी माझे कान जागेच राहायचे. किती महिने गेले कोण जाणे.

मग एकदा झेंडूची तोड चालली असताना मी जरा टेकावं म्हणून शेडमध्ये गोणपाटावर आडवी झाले. बायका फुलं भरत होत्या, बोलत होत्या. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता कधी डोळा लागला कळलं नाही. कुणीतरी नाव घेऊन हाक मारत होतं. डोळे उघडले तर हे गुडघ्यावर बसून माझ्या तोंडावर वाकलेले. शेड रिकामी, ऊन पार कलंडलेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." त्यांचा चेहरा उतरलेला होता. "बायका कवाच गेल्या. तू हाकेला ओ देईना. लय गप पडली होतीस."

मी उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी गप झालो की तुला रोज असं व्हायचं?"

मी हो म्हणाले.

"झोप अजून," ते म्हणाले आणि तिथेच गोणपाटावर मांडी घालून बसले. मी कूस वळवली आणि परत झोपले.